एका माणसाची लापशी

आमच्या केमीत नाताळच्या आदल्या दिवशी
दुपारी दोनलाच सूर्य मावळतो.
समुद्र गोठून त्याचा रस्ता झालेला,
आणि शेगडीवर दूध, तांदूळ. मंद. तासन् तास.
आई म्हणायची, ढवळताना बोलू नये, दूध ऐकतं.
त्यात सोललेला एकच बदाम.
ज्याच्या ताटलीत येईल, त्याचं वर्ष.

मी सात वर्षांची होते
आणि मला ते वर्ष हवं होतं. अख्खं.
पण त्याआधी कब्रस्तान.
आजोबांच्या दगडापुढे मेणबत्ती लावायची,
वारा विझवायचा, बाबा परत लावायचे.
बुटांत माझ्या बोटांची लाकडं झालेली,
आणि मी मनात म्हणायचे,
मेलेल्यांना काय घाई आहे,
तिकडे लापशी निवतेय.

त्या वर्षी बदाम बाबांना मिळाला.
मी भोकाड पसरलं.
मोठ्या माणसाला कशाला लागतं नशीब?
तौनो म्हणाला, चीटिंग.
आईनं नुसता डाव विसळून ठेवला.
लाकडाची गिरणी ऑक्टोबरात बंद पडली होती
हे मला माहीत होतं,
बदामाशी ते जोडता येत नव्हतं.
जोडायला तीस वर्षं गेली.
आईचा डाव आंधळा नव्हता.

सोळाव्या वर्षी तो मला आला
आणि मी गालात दाबून ठेवला.
सगळे शोधत राहिले, भांडं खरवडत राहिले.
मी बाहेर जाऊन बर्फात थुंकले.
पुढचं वर्ष काही वाईट गेलं नाही.
तेच जरा खुपतं.

मग डाव माझ्या हातात आला.
गालिचे झोडपा, पडदे बदला, बीट उकडा,
वर सासूबाईंची मांस किती भाजावं यावरची मतं.
किती तरी वर्षं मी नाताळ पाहिलाच नाही,
उरकला.
रेइयो सौना तापवायचा
आणि तिथंच बसून राहायचा. शहाणा.
मी साइलाच्या ताटलीत बदाम ढकलायचे,
ती किंचाळायची,
मी अगं बाई, खरंच? म्हणायचे.
एका वर्षी तिनं तो चमच्यावर धरला
आणि किंचाळली नाही.
म्हणाली, आई, या वेळी तू घे.
रेइयोच्या तपासणीचे कागद
त्याच आठवड्यात आले होते.
आम्ही तिला सांगितलं नव्हतं.

आता दगड सहा आहेत.
मेणबत्त्या मी खोक्यानंच आणते, साठ तास जळणाऱ्या.
पायांना थंडी तीच, जुनी,
घाई मात्र कुठे गेली कोण जाणे.
शेकडो ज्योती, आतून पिवळा झालेला बर्फ,
आणि पलीकडच्या रांगेत कुणाची तरी नात
पाय आपटत उभी.
तिच्या मनातलं मला इथवर ऐकू येतं.

घरी येऊन एका माणसाची लापशी.
बदाम सोलून हातात घेऊन बराच वेळ उभी होते.
एकटीच खेळणार, तर ही सोडत कसली?
तरी घातला.
तेवढ्यात पर्थहून साइलाचा फोन. तिथं उन्हाळा.
नातू ओल्या चड्डीत, हात हलवून पळाला.
बोलता बोलता ढवळायचं राहून गेलं.
दूध ऐकत होतं, बहुतेक.

एक ताटली. दालचिनी जास्त झाली.
दुसरी. तिसरी.
बदाम नाही.
टेबलाखाली पाहिलं, एप्रनच्या खिशात पाहिलं,
चष्मा लावून परत टेबलाखाली.
एक्काहत्तर वर्षांची मी, रिकाम्या स्वयंपाकघरात गुडघ्यांवर,
आणि मला ते वर्ष हवं होतं. अख्खं.

सकाळी, म्हणजे अकराला,
उजाडल्यासारखं काहीतरी झाल्यावर
भांडं घासताना तळाशी सापडला.
काळा, करपलेल्या सायीत रुतून बसलेला.
डावाच्या काठानं खरवडून काढला.
कडू होता.
सगळा चावून खाल्ला.